साधनांची पारख

मुले छापील अक्षराला वेदवाक्य मानतात. आपणही पुष्कळदा तेच करतो. म्हणून आम्ही वर्गात शिवजन्मतिथीचा पाठ घेतो. उत्तरकालीन बखरींत शके 1549 (इ. स. 1627) आढळतो. लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र फाल्गुन वद्य 3, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, अशी नोंद आहे. महाराजांचे समकालीन कवींद्र परमानंद यांचे ‘शिवभारत’ही तीच तिथी देते.

मग आम्ही विचारतो : लिहिणारा कोण? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले? त्याला कसे कळले? दुसरा स्वतंत्र साक्षीदार आहे काय? दहा बखरी एकीवरूनच उतरल्या असतील, तर साक्ष एकच! ही कसोटी मुलांनी घरी ऐकलेल्या वार्तेलाही लावावी. त्याने श्रद्धा उणावत नाही. तिचा पाया पक्का होतो.