प्रमुख पाहुण्यांना निमंत्रण कसे द्यावे?

तंत्रज्ञान परिषदेसाठी एखाद्या कारखान्याच्या संचालकांना बोलवायचे ठरले, की आपण स. न. वि. वि. लिहून 'आपल्या अमूल्य मार्गदर्शनाचा लाभ व्हावा' अशी विनंती करतो. अशा पत्राने पाहुणे येतात, परंतु भाषण गुळगुळीतच होते, असा माझा अनुभव आहे. निमंत्रणात एक नेमका प्रश्न हवा.

आपल्याच भागातील उदाहरण घेऊ. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान चालवले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर बनवला. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने तो खपायला दोन वर्षे लागली. १९१० साली बेळगावची जागा सोडून औंध संस्थानात कारखाना न्यावा लागला. तीच किर्लोस्करवाडी. अशा माणसाला 'यशाचे रहस्य' विचारून काय मिळणार? 'नांगर खपत नव्हता, तेव्हा कारखाना कसा चालवलात?' असे विचारले, तर खरी विद्या हाती लागते.

म्हणून पत्रात प्रश्न लिहावा. श्रोते कोण, भाषणाला व शंकांना किती वेळ, हेही कळवावे. शंका मराठीत व कन्नडमध्येही विचारू द्याव्यात. कंग्राळीहून येणारा आपला विद्यार्थी उद्या एखाद्या फाउंड्रीच्या दारात कामासाठी उभा राहील. तेथे त्याला हारतुऱ्यांची आठवण नव्हे, हे उत्तर उपयोगी पडेल.