अडकलेला मॅग्नेट आणि दहावीचं विज्ञान

दहावीच्या विज्ञानात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आहे. तो शिकवायला आमच्या मुलचेऱ्यात गाडी दुरुस्तीचं दुकानही पुरतं.

माझी जुनी मोटारसायकल किक मारली की उलटा झटका द्यायची, सुरू मात्र होत नव्हती. प्लगवर ठिणगी पडत होती. मग बिघाड कुठे? मेकॅनिक म्हणाला, "सर, ठिणगी आहे, पण वेळेवर नाही."

क्रँकच्या टोकाला वाटीसारखा रोटर असतो, त्याच्या आत चुंबकं. दुकानात त्यालाच मॅग्नेट म्हणतात. तो कॉइलभोवती फिरला की वीज तयार होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. रोटरवरचा उंचवटा पिकअप कॉइलसमोरून गेला की ठिणगीची वेळ ठरते. रोटरची जागा ठरवणारी छोटी अर्धगोल चावी तुटली होती, म्हणून रोटर सरकला होता.

पण तो निघेना! निमुळत्या शाफ्टवर त्याला घट्ट धरून ठेवतं ते घर्षण, चावी नव्हे. मी हातोडी उचलली तर मेकॅनिक ओरडलाच. रोटरवर घाव घातला तर चुंबक तडकतो, क्रँक वाकू शकतो, मग अख्खं इंजिन खोला! त्याने पुलरचे आटे पूर्ण बसवले, मधला बोल्ट कसला आणि बोल्टच्या डोक्यावर एकच ठोका दिला. टक्क! रोटर मोकळा.

तुटलेली चावी मी वर्गात नेली. मुलं ती हातोहात फिरवत होती, "सर, एवढ्याशानं गाडी बंद?"