गाय पान्हा का चोरते?

ताईंनो, गाय धारेला उभी राहिली आणि दूध आलं नाही, की आपण म्हणतो, "पान्हा चोरते." पण गाय मुद्दाम काही चोरत नाही. दूध तयार होणं आणि दूध सोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही हार्मोनवर चालतात.

दूध कासेत रात्रंदिवस तयार होत असतं. त्याला प्रोलॅक्टिनसारखे हार्मोन लागतात आणि पोटभर चारापाणी लागतं. बरंचसं दूध कासेतल्या बारीक पिशव्यांत असतं, नुसते सड ओढून ते येत नाही. कास धुतली, वासराने ढुसण्या दिल्या, की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं. मिनिट-दीड मिनिटात पिशव्या आवळतात आणि दूध सडात येतं. हाच पान्हा. तो साधारण पाच ते सात मिनिटंच टिकतो.

गाय बिचकली की अ‍ॅड्रेनालिन सुटतं आणि पान्हा अडतो. हडपसर-मांजरीकडे गोठ्याला लागूनच गाड्यांची वर्दळ असेल, तर हे जास्त जपावं लागतं.

उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ संस्था सुरू केली. तिच्या कामातून संकरित गाई गावोगाव पोचल्या. त्या बहुधा वासराविना पान्हवतात. देशी गाईला वासरू, म्हशीला रेडकू समोर लागतं.

म्हणून एवढं सांभाळा:
• धारेची वेळ आणि माणूस शक्यतो बदलू नका.
• बादली, पेंड आधी तयार ठेवा. कास कोमट पाण्याने धुऊन पुसा आणि मिनिटभरात धार सुरू करा.
• मारहाण, आरडाओरडा नको.
• सात मिनिटांत कास रिकामी करा. शेवटच्या धारेत फॅट सर्वात जास्त असतं आणि डेअरीत भाव फॅटवर मिळतो. दूध कासेत राहिलं तर पुढे दूध घटतं, दगडी झालेली असेल तर ती बळावते.

पान्ह्याचं इंजेक्शन रोज टोचू नका. त्याने मुख्यतः कासेत असलेलंच दूध खाली येतं, आणि गाईला सवय लागली की ती आपणहून पान्हवत नाही. दूध वाढवायला जनावराला अपाय होईल असं इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. अडचण असेल तर पशुवैद्यकांना बोलवा.

आठवडाभर धारेची वेळ आणि लिटर वहीत लिहा. गटाच्या बैठकीत वह्या शेजारी ठेवून बघू.