डीडीवर मॅच असते, मग आमच्याकडे का दिसत नाही?



भारताची वनडे झाली की दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरा विषय नसतो, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या कात्रपच्या चौथीच्या वर्गात यावरून चक्क भांडण झालं. एक म्हणाला, "काल डीडी स्पोर्ट्सवर मॅच बघितली." दुसरा म्हणाला, "खोटं! आम्ही तोच चॅनल लावला होता, कुस्ती चालू होती." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. पहिल्याच्या घरी पत्र्यावर फ्री डिशची छत्री आहे, दुसऱ्याकडे केबल.

मुलांना हे समजावताना मी सुरुवात नागपूरपासून केली. 21 जानेवारी 2007 ला तिथे भारत-वेस्ट इंडिज वनडे झाली. गांगुली संघात परतला आणि 98 वर बाद झाला. पण प्रक्षेपणाचे हक्क निंबस कंपनीकडे होते आणि दूरदर्शनशी तिचा वाद चालू होता. ज्यांच्या घरी फक्त दूरदर्शन, त्यांना ती मॅच थेट दिसली नाही. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने सात मिनिटं उशिराने दाखवायला सांगितलं. (क्रिकेटमध्ये सात मिनिटं म्हणजे दीड-दोन ओव्हर! शेजारच्या घरातून आधीच आरडाओरडा ऐकू येणार.) लगेच फेब्रुवारीत वटहुकूम निघाला आणि मार्चमध्ये कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यायलाच हवं. जाहिरातीच्या दर 100 रुपयांतले 75 हक्कधारक कंपनीचे, 25 प्रसार भारतीचे. हे गणित मुलांनी फळ्यावर आनंदाने सोडवलं.

राष्ट्रीय महत्त्वाचे कोणते, हे केंद्र सरकार ठरवतं. भारतीय पुरुष संघाच्या वनडे आणि टी-ट्वेंटी त्यात येतात, आयपीएल येत नाही. त्याच्या मुळाशी 1995 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं त्यात म्हटलंय. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपले मराठी माणूस.

मग कुस्ती का दिसली? दूरदर्शनचे काही चॅनल केबलवाल्यांना दाखवावेच लागतात. त्यामुळे कंपनीने कोट्यवधी मोजून घेतलेली मॅच केबलवरही फुकट जाऊ लागली. कंपन्यांची तक्रार अगदीच चुकीची नव्हती. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्याने मिळालेलं प्रक्षेपण प्रसार भारतीने फक्त स्वतःच्या अँटेना आणि डीटीएच सेवेवरच दाखवावं. 2018 मध्ये सरकारने केबलवरही दाखवता यावं म्हणून दुरुस्तीचा मसुदा काढला, हरकती-सूचना मागवल्या. कायदा काही झाला नाही. अँटेनावरचं जुनं प्रसारण 2021 पर्यंत जवळजवळ बंद झालं. उरली ती छत्री.

अमेरिकेत याच्या उलट भीती होती. घरी मॅच दिसली तर स्टेडियममध्ये कोण येणार? म्हणून 1973 मध्ये तिथे कायदा झाला की 72 तास आधी सगळी तिकिटं संपली, तर त्या गावात प्रक्षेपण अडवायचं नाही.

मला स्वतःला 2018 चा मसुदा पटतो. केबलचं बिल भरणारं घर श्रीमंतच असतं असं थोडंच आहे! पण वर्गात मी मत सांगितलं नाही. दोन गट केले, एक कंपनीचा, एक प्रेक्षकांचा. केबलवाला मुलगा स्वतःहून कंपनीच्या गटात गेला. म्हणाला, "बाई, पैसे त्यांनी भरलेत ना?" छत्रीवाला गप्पच. त्याला त्याच्या घरची मॅच जाईल की काय, अशी भीती वाटत होती.