चुना कोणता घ्यावा?

चुना तुम्हांला नवा नाही. उर्दूत तुम्ही त्याला 'चूना' म्हणता, मराठीत तो 'चुना' झाला, एवढाच फरक. पानाच्या टपरीवर तो डबीत असतो. ईद किंवा दिवाळी जवळ आली, की तो घराच्या भिंतींवर चढतो. कबड्डीच्या मैदानावर आखलेली पांढरी रेषा ही त्याचीच फक्की. पण हाच चुना अळिंबीच्या शेतीतही लागतो आणि तिथे तो चुकला, तर महिनाभराची मेहनत वाया जाते.

अळिंबी म्हणजे तुमची खुंबी. समजा, तुमच्या खालाने, म्हणजे मावशीने, घरामागच्या खोलीत दुधी अळिंबी लावली आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळा कडक असतो. बटन अळिंबीला पीक येताना सुमारे 14 ते 18 अंश सेल्सिअस एवढा गारवा लागतो. तो आपल्याकडे यंत्राशिवाय कसा मिळणार? दुधी अळिंबीला मात्र 30 ते 35 अंशांची ऊब आवडते. पाण्याने भिजवलेली गोणपाटे लावून खोली दमट ठेवली, की तिचे काम भागते. तामिळनाडू कृषी विद्यापीठाने 1998 साली तिचे 'एपीके-2' हे वाण प्रसारित केले. त्यानंतर उष्ण भागांतील शेतकऱ्यांचे लक्ष तिच्याकडे अधिक वळले.

खालाने काड भिजवून, निर्जंतुक करून पिशव्यांत भरले आणि त्यात अळिंबीचे बी मिसळले. सुमारे तीन आठवड्यांत पांढरे तंतू सगळ्या काडात पसरले. आता पिशवीचे तोंड उघडून वर दोन-तीन सेंटिमीटर मातीचा थर द्यायचा आहे. या थराला 'केसिंग माती' म्हणतात. धिंगरी अळिंबीला असा थर लागत नाही; दुधी आणि बटन अळिंबीला तो लागतोच. गंमत अशी, की या मातीतून अळिंबीला अन्न मिळावे अशी अपेक्षा नसते. अन्न खालच्या काडात असते. माती पाणी धरून ठेवते, तंतूंना हवा पोचू देते आणि वर येणाऱ्या अळिंबीला आधार देते.

खाला विचारते, "बेटा, मातीत चुना घालायला सांगितला आहे. कोणता आणू?"

उत्तर देण्याआधी सामू म्हणजे काय, हे समजून घेऊ. एखादी वस्तू किती आम्लधर्मी किंवा किती अल्कधर्मी आहे, हे सामूचा आकडा सांगतो. ही मोजपट्टी डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ सोरेनसन यांनी 1909 साली तयार केली. 7 हा आकडा मधला. त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. लिंबाच्या रसाचा सामू 2 च्या आसपास असतो, तर चुन्याच्या निवळीचा 12 च्या वर. एक आकडा वाढला, की अल्कता दहापट होते, हे विसरू नका. 7 आणि 9 यांत दोनाचा नव्हे, शंभरपटीचा फरक आहे.

बटन अळिंबीच्या केसिंग मातीचा सामू साधारण 7.2 ते 7.8 असावा. दुधी अळिंबीला 8 च्या जवळपासचा सामूही चालतो. माती अशी किंचित अल्कधर्मी का ठेवायची? एक कारण हिरवी बुरशी. तिला आम्लधर्मी जागा आवडते आणि ती एकदा पिशवीत शिरली, की पीक बळकावते. दुसरे कारण अळिंबी स्वतःच आहे. तिचे तंतू वाढताना ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, त्यामुळे मातीचा सामू हळूहळू खाली येतो. मातीत चुनखडी असेल, तर ती हे आम्ल शोषून घेते.

आता चुन्याकडे वळू. त्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील वणी तालुक्यात जाऊ. तिथे जमिनीत चुनखडक आहे आणि वणीजवळचे राजूर हे गाव चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाते. भट्टीत चुनखडक सुमारे 900 अंशांपर्यंत तापवला, की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शुद्ध चुनखडक 100 किलो घेतला, तर 56 किलो कळीचा चुना उरतो. या चुन्यावर पाणी टाकले, की तो फुसफुसतो, तापतो, वाफा सोडतो आणि फुलून त्याची पांढरी भुकटी होते. 56 किलो कळीच्या चुन्याची 74 किलो भुकटी होते, कारण त्याने 18 किलो पाणी आपल्यात सामावून घेतलेले असते. हा विरलेला चुना, म्हणजेच फक्की.

दगड एकच, पण रूपे तीन झाली आणि तिघांचे स्वभाव वेगळे. कळीचा चुना मातीत कधीच घालू नये. ओली माती लागताच तो तापेल आणि तंतू करपतील. फक्की जपून वापरता येते, पण ती फार तीव्र असते. मूठभर जास्त पडली, की सामू एकदम वर जातो. चुनखडीची भुकटी मात्र शांत स्वभावाची. ती सावकाश विरघळते आणि कितीही घातली, तरी सामू साधारण सव्वाआठच्या फार पुढे जात नाही. माझे मत विचाराल, तर नवख्या माणसाने चुनखडीची भुकटीच घ्यावी. ती हळू काम करते, हा तिचा दोष नाही, गुण आहे.

फार पूर्वीपासून पॅरिसजवळच्या चुनखडकाच्या खाणींत बटन अळिंबी पिकवीत. तेथील शेतकरी खाणीतल्याच मऊ दगडाचा चुरा केसिंगसाठी वापरत. त्या वेळी सामूची मोजपट्टी कुठे होती? पण योग्य वस्तू त्यांच्या हाताशीच होती.

दुकानात मात्र सगळ्या पुड्या पांढऱ्याच दिसतात. मग ओळखायचे कसे? चिमूटभर भुकटीवर सिरका टाका. भरपूर बुडबुडे आले, तर ती चुनखडी. भुकटी हळदीच्या पाण्यात टाका. रंग लगेच लालभडक झाला, तर ती फक्की. दोन्ही वेळा काहीच झाले नाही, तर ते बहुधा जिप्सम असेल. जिप्सममध्ये कॅल्शियम असते, पण त्याने सामू फारसा बदलत नाही. फळ्यावर लिहिण्याचा खडूही पुष्कळदा जिप्समचाच असतो. तुमच्या वर्गातला कसला आहे, ते सिरका टाकून पाहा. कळीच्या चुन्याला मात्र तुम्ही हात लावू नका. तो डोळ्यांत गेला, तर दृष्टी जाऊ शकते. कोणाच्या डोळ्यांत चुना गेलाच, तर डोळे न चोळता ताबडतोब स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे धूत राहावे आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

पण थांबा. खालाला उत्तर देण्याची घाई करू नका. तिने केसिंगसाठी घेतलेली माती कोणती आहे? आपल्या जिल्ह्यातली कापसाची काळी जमीन बहुधा मुळातच अल्कधर्मी असते. तिच्यात चुनखडीचे बारीक खडे तुम्ही शेतात पाहिले असतील. अशा मातीचा सामू पुष्कळदा 8 किंवा त्याहून थोडा अधिक भरतो. तिच्यात आणखी चुना कशाला? जिथे पीटसारखी आम्लधर्मी माती वापरतात, तिथे चुना भरपूर लागतो. तिथला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. शिवाय नुसती काळी माती ओली झाली, की चिकट होते आणि वाळली, की तडकते. तंतूंना हवा मिळत नाही. म्हणून ती थोडीच घ्यावी आणि दोन वर्षे कुजलेले शेणखत किंवा नारळाचा भुसा तिच्यात मिसळून मिश्रण भुसभुशीत करावे.

मग सामू मोजावा. एक भाग मिश्रण आणि अडीच भाग शुद्ध पाणी ढवळून अर्धा तास ठेवा आणि सामूदर्शक कागद बुडवा. आकडा 7 च्या खाली आला, तर एकेक किलो मिश्रणाचे तीन ढीग करा. एकात 10, दुसऱ्यात 20 आणि तिसऱ्यात 30 ग्रॅम चुनखडीची भुकटी मिसळा. ढीग ओलसर ठेवून दोन दिवसांनी पुन्हा मोजा. ज्या ढिगात कमीत कमी भुकटीने सामू साडेसातजवळ आला, ते प्रमाण घ्या. ते 20 ग्रॅम असेल, तर 100 किलो मिश्रणाला 2 किलो भुकटी लागेल. आकडा आधीच 8 असेल, तर खालाला सांगा, "चुना आणूच नका." आणि 8 च्या बराच वर असेल, तर काळी माती आणखी कमी करून मिश्रण बदलायला हवे.

शब्दार्थ

सामू – आम्लता किंवा अल्कता दाखवणारा आकडा
फक्की – चुन्याची बारीक भुकटी
निवळी – गाळ खाली बसल्यावर वर राहिलेले स्वच्छ पाणी
भुसभुशीत – मोकळी, हवा खेळती राहील अशी
करपणे – उष्णतेने जळणे
सिरका – व्हिनेगर

स्वाध्याय

1. केसिंग मातीतून अन्न मिळत नसेल, तर ती कशासाठी घालतात?
2. कळीचा चुना आणि चुनखडी यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
3. काळ्या मातीत चुना घालण्यापूर्वी सामू का मोजावा?
4. एका मिश्रणाला किलोमागे 15 ग्रॅम भुकटी लागते. 60 किलो मिश्रणाला किती लागेल?
5. तुमच्या घराजवळची माती आणून शिक्षकांच्या मदतीने तिचा सामू मोजा आणि आकडा वहीत लिहा.