सिझर आणि बाळंतिणीचे मन




पोटावर आणि गर्भाशयावर छेद घेऊन बाळाला बाहेर काढणे म्हणजे सिझेरियन, बोलीत नुसते ‘सिझर’. कळा येऊनही प्रसूती पुढे न सरकणे, बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावणे, बाळ आडवे किंवा पायाळू असणे, वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे, नाळ आधी खाली घसरणे, आईचा रक्तदाब आटोक्यात न येणे ही त्याची नेहमीची कारणे. १८८२ मध्ये माक्स झेंगर या जर्मन डॉक्टरांनी गर्भाशयाचा छेद नीट शिवण्याची पद्धत मांडली. तोवर या शस्त्रक्रियेतून फार थोड्या स्त्रिया वाचत. आज ती प्रसूतिगृहातली रोजची बाब आहे. काही वेळा तिची तारीख आठवडाभर आधी ठरते, काही वेळा निर्णय मध्यरात्री चार-दोन मिनिटांत होतो, आणि आईच्या मनाला हे दोन प्रसंग सारखे नसतात.

सिझरचे प्रमाण वाढले, ही तक्रार खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातल्या दर शंभर बाळंतपणांमागे साडेआठ सिझर होती, ती २०१९-२१ मध्ये साडेएकवीसवर गेली. महाराष्ट्रात तेव्हा हे प्रमाण २५.४ टक्के, गोव्यात ३९.५ आणि तेलंगणात तर ६०.७. सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के, हा फरक केवळ वैद्यकीय कारणांनी समजावता येत नाही; मुहूर्त काढून आणलेल्या जन्मवेळाही त्यात आहेत. लोकसंख्येच्या पातळीवर प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मधल्या निवेदनात नोंदवले. मात्र ज्या बाईला गरज आहे तिला सिझर मिळालेच पाहिजे, यावरही त्याच निवेदनाचा भर आहे. हा हिशेब जिल्ह्याचा, राज्याचा. खाटेवरच्या एका बाळंतिणीपुढे तो मांडणे म्हणजे तिच्यावर धोरणाचा राग काढणे.

ऑपरेशन टेबलावर नेमके काय घडते, हे लेबर रूममध्ये नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेने आईच्या बाजूने समजून घ्यावे. कमरेच्या मणक्यांमधून बारीक सुईने भूल दिली की पाय आधी गरम, मग जड होतात आणि हलेनासे होतात. छातीसमोर हिरवी चादर आडवी टांगलेली असते. दुखत नाही, पण ओढ आणि दाब जाणवतो. सक्शनचा आवाज येतो, डॉक्टरांचे आपापसातले बोलणे ऐकू येते. कित्येकींना कापरे भरते, दात वाजतात, मळमळते. हे सगळे अपेक्षित असते, पण आधी कोणी सांगितले नसेल तर बाईला वाटते की भूल उतरली. बाळ बहुधा पहिल्या दहा मिनिटांत बाहेर येते. उरलेला अर्धा-पाऊण तास शिवण्यात जातो आणि तोच आईला फार लांब वाटतो: बाळ रडले का, कुठे नेले, कोणाजवळ आहे? बाळाचा गाल तिच्या गालाला लावून दाखवायला अर्धे मिनिटही लागत नाही. पूर्ण भूल दिलेली बाई तर जागी होते ती बाळ झाल्यावरच. ‘हे माझेच ना?’ असे तिने विचारले तर त्यात हसण्यासारखे काही नाही.

पुढे तिला काय वाटते, याचे एकच उत्तर नसते. कोणी नुसती सुटकेचा श्वास टाकते. ठरवून केलेल्या सिझरनंतर बऱ्याच जणी समाधानी असतात. तातडीच्या सिझरनंतर भीती, राग, आपले शरीर कमी पडले ही टोचणी जास्त आढळते, आणि आनंद व दुःख एकाच दिवशी सोबत नांदतात. ‘बाळ सुखरूप आहे ना, मग रडतेस कशाला?’ हे वाक्य वॉर्डात कोणीही उच्चारू नये. भेटायला येणारे ‘नॉर्मल की सिझर?’ हा प्रश्न पेढ्याआधी विचारतात. ‘हल्लीच्या मुलींना कळा सोसवत नाहीत’ हेही असतेच, आणि बोलणारी बहुधा स्वतः बाळंत झालेली असते. रात्रभर कळा सोसून सकाळी टेबलावर गेलेल्या बाईने तर दोन्ही सोसलेले असते.

छेदापेक्षाही खोल राहते ते वेगळेच: निर्णय आपल्याला सांगितला की आपल्यादेखत दुसऱ्यांनी घेतला. संमतीपत्र नवऱ्यापुढे किंवा सासऱ्यांपुढे सरकवायची सवय जुनी आहे. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या स्त्रीची संमती तिचीच हवी, तिच्या आईचीसुद्धा चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये स्पष्ट केले. तातडीतही ‘ठोके उतरताहेत, थांबणे धोक्याचे आहे, सिझर करावे लागेल’ एवढे तिच्याकडे बघून सांगता येते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खाटेपाशी येऊन सिझर का करावे लागले हे पुन्हा सांगितले, तर अर्धी टोचणी तिथेच उतरते.

सिझरनंतर पहिल्यांदा उठताना बाईने सरळ उठून बसू नये; कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हातावर जोर देऊन उठावे. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. दूध उतरायला थोडा वेळ लागू शकतो, म्हणून वरचे दूध सुरू करण्याची घाई नको. कुशीवर निजून पाजता येते आणि चीक पहिल्या तासातही देता येतो. भाताने किंवा तुपाने टाके पिकतात, या समजाला आधार नाही. कंबरदुखी वर्षानुवर्षे टिकली तर खापर भुलेच्या सुईवर फुटते, पण ती साध्या प्रसूतीनंतरही तितकीच आढळते. सरकारी रुग्णालयात सिझरचा खर्च आणि सात दिवसांपर्यंतचा आहार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. पाचवी बहुधा वॉर्डातच येते. घरच्यांना खाटेशेजारी पूजा मांडायची असेल तर हरकत नसावी.

पहिल्या आठवड्यातले रडू बहुतेकींचे आपोआप ओसरते. दोन आठवड्यांनंतरही झोप उडालेली, बाळाकडे बघावेसे वाटत नाही, जगणे नको वाटते, असे असेल तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक डिस्चार्जच्या वेळी घरच्यांना लिहून द्यावा. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानावर आली तर मात्र दोन आठवडे मोजत बसू नये.

‘एकदा सिझर म्हणजे कायम सिझर’ हा नियम नाही. आधीचा छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा असेल, दुसरी अडचण नसेल आणि तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय हाताशी असेल, तर पुढचे बाळंतपण योनीमार्गे होऊ शकते. प्रयत्न करणाऱ्या शंभरांपैकी साठ ते ऐंशी जणींना ते साधते. व्रण फाटण्याचा धोका दोनशेत सुमारे एकीला असतो, म्हणून हा प्रयत्न घरी किंवा छोट्या दवाखान्यात करू नये. दोन बाळंतपणांत दीड-दोन वर्षांचे अंतर हवे. कातडीवरचा व्रण पाहून आतला छेद कसा होता ते कळत नाही, म्हणून तो आडवा की उभा हे डिस्चार्ज कार्डावर लिहिले आहे ना, हे पाहूनच बाईला घरी सोडावे.