चरित्राची साधने : चित्रकार टॅनर यांच्या पत्राचा खर्डा

प्रस्तावना

चरित्रकार ज्या सामग्रीच्या आधारे चरित्रनायकाचे जीवन उभे करतो, तिला चरित्राची साधने म्हणतात. खासगी पत्रे व त्यांचे खर्डे ही त्यांपैकी महत्त्वाची साधने होत. हेन्री ओसावा टॅनर या अमेरिकन चित्रकाराच्या उदाहरणावरून त्यांचे मूल्य पाहू.

जीवनपट

टॅनर यांचा जन्म १८५९ मध्ये पिट्सबर्ग येथे झाला. वडील आफ्रिकन मेथडिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक, पुढे बिशप होते. आईचा जन्म गुलामगिरीत झाला होता. फिलाडेल्फियाच्या कला अकादमीत त्यांनी थॉमस ईकिन्स यांच्याकडे शिक्षण घेतले. १८९१ मध्ये रोमला निघालेले टॅनर वाटेत पॅरिसला थांबले आणि तेथेच स्थायिक झाले. त्यांचे लाझरसच्या पुनरुत्थानाचे चित्र फ्रेंच सरकारने १८९७ मध्ये विकत घेतले. १९२३ मध्ये त्यांना ‘लिजन ऑफ ऑनर’ हा सन्मान मिळाला. १९३७ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

खर्डा काय सांगतो?

केवळ या नोंदी वाचल्या, तर परदेशी जाऊन यशस्वी झालेल्या कलावंताची सरळ कथा हाती येते. टॅनर यांची कागदपत्रे स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन कला अभिलेखागारात आहेत. त्यांतील १९१४ च्या एका पत्राचा खर्डा या कथेची दुसरी बाजू दाखवतो. युनिस टीटजेन्स या लेखिकेने टॅनर यांच्यावर लिहिलेल्या लेखासंबंधीचे हे पत्र आहे. आपली ओळख एकाच वंशाच्या नावाने का ठरवावी, आपल्या इंग्रज पूर्वजांना काहीच मोल नाही काय, असे ते विचारतात. मात्र कृष्णवर्णीय वारसा ते नाकारत नाहीत. तो आपल्या कलेला उपकारक ठरला, असेच ते मानतात. त्यामुळे सोसावा लागलेला अपमानही ते नोंदवतात. वर्णभेदाने आपल्याला देशाबाहेर लोटले, तरी देशावरचे प्रेम टिकून आहे आणि जेथे मन आहे तेथे राहता येत नाही, ही खंत ते व्यक्त करतात.

सन्मानांच्या यादीत ही खंत सापडत नाही. तथापि, खर्डा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे. तो एका क्षणी, एका व्यक्तीला उद्देशून लिहिलेला असतो. म्हणून चरित्रकाराने जाहीर नोंदी व खासगी कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. टॅनर यांच्या यशाच्या नोंदींना पत्राचा खर्डा कोणती जोड देतो?

२. आपल्या घरातील एखादे जुने पत्र वाचा. कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या आठवणींपेक्षा ते वेगळे काय सांगते, ते पाच ओळींत लिहा.